व्हीएमवेअरवरून प्रॉक्समॉक्सवर जाताना: आधी स्टोरेज, मग व्हीएम

ब्रॉडकॉमने २२ नोव्हेंबर २०२३ रोजी व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी) ताब्यात घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवली. तेव्हापासून लहान-मध्यम संस्थांचे सर्व्हर सांभाळणारे अनेक जण दुसरीकडे जायची तयारी करताहेत. त्यातले बरेच जण एकाच जागी अडकतात. रिकाम्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स, म्हणजे त्याच कामाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, बसवला जातो, इम्पोर्ट विझार्डने एक व्हीएम आणली जाते, ती सुरू होते, आणि उरलेल्या साठ व्हीएमही अशाच येतील असं गृहीत धरलं जातं. पंधरा-वीस व्हीएम झाल्या की सॅनवर (सगळ्या सर्व्हरना जोडलेल्या सामायिक डिस्क-यंत्रणेवर) स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेता येत नाही, जागा अंदाजापेक्षा दुप्पट लागते, नाहीतर एक केबल हलल्यावर सगळे होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) एकदम रिबूट होतात.

व्हीएम हलवणं हा या कामाचा सोपा भाग आहे. अवघड भाग स्टोरेजचा आहे आणि तो आधी ठरवावा लागतो. म्हणून खाली दिलेला क्रम बदलू नका. हा लेख तीन ते आठ होस्ट आणि शंभराच्या आतबाहेर व्हीएम असलेल्यांसाठी आहे: नागरी सहकारी बँक, साखर कारखाना, महाविद्यालय, एमआयडीसीतला कारखाना, मध्यम रुग्णालय.

## टप्पा १: जायचं का, आणि प्रॉक्समॉक्सवरच का

हा निर्णय एका बैठकीत होऊ शकतो, पण तो लेखी हवा. बाजारात आज खरोखर वापरता येतील असे पर्याय बरेच आहेत: न्यूटॅनिक्सचं एएचव्ही, मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही, रेड हॅटचं ओपनशिफ्ट व्हर्च्युअलायझेशन, एक्ससीपी-एनजी, एचपीईचं व्हीएम इसेन्शियल्स आणि प्रॉक्समॉक्स व्हीई. निवडताना तीन प्रश्नांची उत्तरं शोधा.

१. तुमच्या मुख्य सॉफ्टवेअरचा विक्रेता त्या प्लॅटफॉर्मवर सपोर्ट देतो का? कोअर बँकिंग, ईआरपी, रुग्णालयाची प्रणाली, एसएपी हाना यांच्या बाबतीत ईमेलवर लेखी उत्तर घ्या. फोनवरचं 'चालेल हो' इथे उपयोगाचं नाही.

२. सगळ्या व्हीएम विंडोज असून डेटासेंटर आवृत्तीचा परवाना आधीच घेतलेला आहे का? तसं असेल तर हायपर-व्हीचा हिशेब आधी मांडा, कारण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत.

३. लिनक्सच्या कमांड लाइनवर न घाबरता काम करणारी किमान दोन माणसं तुमच्याकडे आहेत का? एकच असेल आणि तो सुट्टीवर गेला, तर प्रॉक्समॉक्सचा स्वस्तपणा महागात पडतो. मग सपोर्ट देणारा भागीदार आधी शोधा. प्रॉक्समॉक्सचं सबस्क्रिप्शन प्रोसेसरच्या सॉकेटवर आकारलं जातं, तर व्हीएमवेअर कोअर मोजतं आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरतं. तुलना करताना हे दोन वेगळे मोजमाप एकत्र करू नका.

तारखाही समोर ठेवा. व्हीएमवेअरच्या व्हीस्फिअर या मुख्य उत्पादनाच्या ७ व्या आवृत्तीचा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हीस्फिअर ८ चा ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतो. तुमचं सबस्क्रिप्शन संपण्याच्या तारखेतून किमान तीन महिने वजा करा आणि ती तारीख काम पूर्ण करण्याची शेवटची तारीख माना.

इशारा: काम कधी करायचं हे संस्थेच्या कॅलेंडरवरून ठरवा. बँकेत मार्चअखेर आणि तिमाहीअखेर, कारखान्यात गळीत हंगाम, महाविद्यालयात प्रवेश आणि निकालाचे दिवस सोडून द्या.

## टप्पा २: खरी यादी

व्ही-सेंटरमध्ये (व्हीएमवेअरच्या व्यवस्थापन प्रणालीत) दिसतं ते सगळं खरं असेलच असं नाही. आरव्हीटूल्स चालवून संपूर्ण यादी एक्सेलमध्ये काढा. हे साधन आता डेलकडे आहे. त्याच्या नावाने बनावट साइट्सवरून मालवेअर पसरवला गेला आहे, त्यामुळे ते अधिकृत पानावरूनच उतरवा.

प्रत्येक व्हीएमसमोर या गोष्टी लिहा:

१. दिलेली डिस्क आणि प्रत्यक्ष वापरलेली डिस्क, दोन्ही वेगवेगळ्या रकान्यांत. पुढच्या टप्प्यात हा फरक निर्णायक ठरतो.

२. फर्मवेअर (व्हीएम सुरू करणारा मूळ प्रोग्राम) बायोस आहे की यूईएफआय, आणि व्हर्च्युअल टीपीएम (एन्क्रिप्शनच्या चाव्या जपणारी आभासी चिप) आहे का.

३. डिस्क कंट्रोलर कोणता आहे, आणि रॉ डिव्हाइस मॅपिंग (सॅनची डिस्क थेट व्हीएमला जोडणं) किंवा दोन व्हीएममध्ये सामायिक डिस्क आहे का. विंडोज फेलओव्हर क्लस्टर इथेच सापडतो.

४. आयपी, मॅक पत्ता आणि व्हीलॅन (एकाच नेटवर्कमधला वेगळा केलेला भाग).

५. परवाना कशाला बांधलेला आहे: मॅक पत्त्याला, यूएसबी डाँगलला की हार्डवेअरच्या ओळखीला? टॅली ज्या व्हीएमवर आहे तिथे हलवण्यापूर्वी परवाना सरेंडर करायचा आणि नव्या जागी पुन्हा सक्रिय करायचा. हे विसरलं तर सकाळी लेखा विभागाचा फोन ठरलेला.

६. मालक कोण. म्हणजे 'चाललंय' असं सांगायचा अधिकार असलेली व्यक्ती. आयटी विभाग स्वतःच मालक असेल तरी नाव लिहाच.

यादी झाली की ज्या व्हीएमचा कोणी मालक सापडत नाही त्या दोन आठवडे बंद ठेवा. कोणी विचारलं नाही, तर बॅकअप घेऊन त्या यादीतून काढा. जवळपास प्रत्येक संस्थेत अशा काही व्हीएम निघतात आणि त्या हलवण्यात वेळ घालवणं निरर्थक आहे.

तपासणी: जुने स्नॅपशॉट पुसून डिस्क एकत्रित झाल्यात का? स्नॅपशॉटची साखळी राहिली तर इम्पोर्ट फार मंद होतो. मोठा जुना स्नॅपशॉट पुसायलाही तास लागतात आणि तेवढ्या वेळात डेटास्टोअरवर (व्हीएमच्या डिस्क जिथे असतात त्या स्टोरेजवर) मोकळी जागा लागते, म्हणून हे हलवण्याच्या रात्री करू नका. एक आठवडा आधी उरकून घ्या.

## टप्पा ३: स्टोरेजचा निर्णय

इथे सावकाश वाचा. सर्वाधिक चुका याच टप्प्यात होतात आणि त्या नंतर दुरुस्त करायच्या तर सगळं पुन्हा हलवावं लागतं.

व्हीएमवेअरची व्हीएमएफएस ही क्लस्टर फाइल सिस्टिम आहे. एकाच लनवर (सॅनने होस्टना दिलेल्या डिस्कवर) अनेक होस्ट एकदम लिहू शकतात, आणि थिन डिस्क (वापरेल तेवढीच जागा घेणारी) व स्नॅपशॉट दोन्ही तिथेच मिळतात. आपल्याला याची इतकी सवय झालेली असते की हे कोणत्याही हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) असणारच असं वाटतं. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमएफएसच्या तोडीची, सोबत येणारी फाइल सिस्टिम नाही. तिथे प्रत्येक प्रकारच्या स्टोरेजमध्ये काहीतरी मिळतं आणि काहीतरी सोडावं लागतं. चार रस्ते आहेत.

पहिला रस्ता: जुनी सॅन, त्यावर सामायिक एलव्हीएम (लिनक्सची डिस्कचे भाग पाडून देणारी व्यवस्था). फायबर चॅनल किंवा आयस्कझी सॅनवर आधीच पैसे घातले असतील तर साहजिक ओढ इकडेच असते. हे चालतं, लाइव्ह मायग्रेशनही (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर नेणं) होतं. पण दोन गोष्टी जातात. एक, होस्टच्या पातळीवर डिस्क थिक होते: ५०० जीबी दिलेली आणि ८० जीबी वापरलेली व्हीएम पूर्ण ५०० जीबी अडवते. टप्पा २ मधल्या दोन रकान्यांपैकी इथे 'दिलेली' हाच रकाना मोजायचा. दुसरी, प्रॉक्समॉक्स ८ पर्यंत अशा सामायिक एलव्हीएमवर स्नॅपशॉट नव्हते. ऑगस्ट २०२५ मधल्या ९.० आवृत्तीत व्हॉल्यूमच्या साखळीवर आधारलेले स्नॅपशॉट आले, पण टेक्नॉलॉजी प्रिव्ह्यू म्हणून. उत्पादनातल्या व्हीएमसाठी त्यावर विसंबण्याआधी स्वतः चाचणी घ्या. 'एलव्हीएम-थिन वापरू, मग दोन्ही मिळेल' असं काही जण ठरवतात. एलव्हीएम-थिन अनेक होस्टमध्ये सामायिक करता येत नाही. तसं जबरदस्तीने केलं तर डेटा खराब होतो.

दुसरा रस्ता: एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून सामायिक केलेल्या फाइली. सॅनचा बॉक्स एनएफएस देत असेल तर क्यूकाऊ२ स्वरूपातल्या डिस्कवर थिन आणि स्नॅपशॉट दोन्ही मिळतात. मांडणी सोपी राहते. मात्र तो बॉक्स दोन कंट्रोलरचा हवा. एकाच मदरबोर्डच्या घरगुती नॅसवर साठ व्हीएम ठेवणं म्हणजे सगळी संस्था एका पॉवर सप्लायवर सोपवणं.

तिसरा रस्ता: प्रत्येक होस्टवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम आणि त्यांच्यात रेप्लिकेशन, म्हणजे एका होस्टवरच्या डेटाची दुसऱ्यावर प्रत. दोन-तीन होस्टच्या छोट्या कार्यालयाला हा मला सर्वांत योग्य वाटतो. सॅनची गरज नाही, व्यवस्थापन सरळ आहे. पण हे रेप्लिकेशन वेळापत्रकानुसार चालतं, मूळ सेटिंगमध्ये दर १५ मिनिटांनी. होस्ट अचानक गेला तर शेवटच्या रेप्लिकेशननंतरचा डेटा जातो. फाइल सर्व्हरला हे परवडतं, बँकेच्या व्यवहारांना परवडत नाही. सर्व होस्टवर झेडएफएसच्या पूलचं (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटाचं) नाव एकच ठेवा, नाहीतर रेप्लिकेशन जुळणार नाही. डिस्क रेड कार्डामागे लपवू नका, कार्ड एचबीए मोडमध्ये (डिस्क जशाच्या तशा दाखवणाऱ्या) टाका. झेडएफएस आपल्या कॅशसाठी मेमरी घेतं. नव्या आवृत्तीच्या ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये ही मर्यादा एकूण मेमरीच्या १० टक्के आणि जास्तीत जास्त १६ जीबी अशी ठरवलेली असते, पण जुन्या इन्स्टॉलेशनवरून अपग्रेड करत आलेल्या होस्टवर ती निम्म्या मेमरीपर्यंत जाऊ शकते.

चौथा रस्ता: सेफ, म्हणजे सगळ्या होस्टमधल्या डिस्क मिळून बनलेलं सामायिक स्टोरेज. व्हीएमवेअरच्या अशाच व्हीसॅनच्या जागी लोक हाच निवडतात. किमान तीन होस्ट, १० जीबीपीएसचं स्वतंत्र नेटवर्क आणि वीज गेल्यावरही लिहिणं पूर्ण करणाऱ्या एंटरप्राइझ एसएसडी हव्यात. डेस्कटॉपच्या एसएसडी टाकल्या तर डेटाबेसचा वेग हार्ड डिस्कच्या पातळीवर येतो आणि दोष मात्र प्रॉक्समॉक्सला दिला जातो.

सेफमध्ये जागेचा हिशेब हमखास चुकतो. उदाहरण घ्या: तीन होस्ट, प्रत्येकात ३.८४ टीबीच्या ४ एसएसडी. एकूण ४६.०८ टीबी. प्रत्येक डेटाच्या तीन प्रती, म्हणून उपयोगाची जागा १५.३६ टीबी. बरेच जण इथेच थांबतात आणि १३ टीबी भरून टाकतात. आता एक एसएसडी मेली असं समजा. तीन प्रती तीन वेगळ्या होस्टवर हव्यात आणि होस्ट तीनच आहेत. म्हणजे मेलेल्या डिस्कवरचा डेटा त्याच होस्टच्या उरलेल्या तीन डिस्कवर चढतो. चार डिस्कचं ओझं तिघींवर. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं आणि ९५ टक्क्यांना लिहिणंच थांबवतं, म्हणजे सगळ्या व्हीएम एकदम गोठतात. ८५ टक्क्यांच्या आत राहायचं तर डिस्क मरण्याआधीचा भरणा त्याच्या तीन-चतुर्थांश, म्हणजे साधारण ६३ टक्केच हवा. १५.३६ टीबीचे ६३ टक्के म्हणजे ९.७ टीबी. तुमची खरी जागा एवढीच. चौथा होस्ट घेता आला तर हा ताण पुष्कळ कमी होतो.

### हलवताना लागणारी मधली जागा

व्हीएमएफएसवरचा डेटा जागच्या जागी बदलत नाही. तो नव्या स्टोरेजवर कॉपी होतो आणि जुना शेवटपर्यंत तसाच राहतो. म्हणजे काही काळ दुप्पट जागा लागते. सॅनवर मोकळी जागा असेल तर नवा लन काढा. नसेल तर एक ईएसएक्सआय (व्हीएमवेअर चालवणारा) होस्ट रिकामा करा, उरलेले होस्ट सगळा भार उचलतात का ते आठवडाभर पाहा आणि रिकाम्यावर प्रॉक्समॉक्स बसवा.

सेफ ठरवला असेल तर इथे पेच आहे: एका रिकाम्या होस्टवर तीन होस्टचा सेफ उभा राहत नाही. मग भाड्याने सर्व्हर आणा किंवा काही दिवसांसाठी एनएफएसवर व्हीएम उतरवा आणि सेफ उभा राहिल्यावर तिथे हलवा. प्रॉक्समॉक्समध्ये चालू व्हीएमची डिस्क एका स्टोरेजवरून दुसऱ्यावर नेता येते, त्यामुळे ही दुसरी हालचाल डाउनटाइमशिवाय होते.

इशारा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: रिकाम्या होस्टवर प्रॉक्समॉक्स बसवण्याआधी त्या होस्टचं सॅनवरचं मॅपिंग काढा, शक्य असेल तर फायबरच्या केबलही काढून ठेवा. इन्स्टॉलर दिसतील त्या सगळ्या डिस्क दाखवतो. त्यातला एखादा चालू व्हीएमएफएसचा लन असतो. रात्री अकरा वाजता चुकीची ओळ निवडली की चालू डेटास्टोअर पुसला जातो. जुने आणि नवे लन दोन्ही होस्टगटांना एकदम कधीही दाखवू नका.

तपासणी: व्हीएमवेअर सॅनचे अनेक मार्ग आपोआप जोडतं. प्रॉक्समॉक्समध्ये मल्टिपाथ स्वतः बसवून जुळवावं लागतं. ते न करता एलव्हीएम बनवलं तर ते चार मार्गांपैकी एकाच मार्गावर उभं राहतं. मल्टिपाथच्या यादीत एका लनखाली सगळे मार्ग दिसतात का ते पाहा. मग चाचणीची व्हीएम चालू ठेवून एक केबल काढा. लिहिणं काही क्षण अडून पुन्हा सुरू झालं पाहिजे. ती लावा, दुसरी काढा. हे केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: क्लस्टर आणि नेटवर्क

१. होस्टचं नाव आणि आयपी आधी पक्कं करा. क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या होस्टच्या गटात) सामील झाल्यावर ते बदलणं त्रासाचं आहे. सामील होणाऱ्या होस्टवर एकही व्हीएम नसली पाहिजे.

२. कोरोसिंकला (होस्ट एकमेकांची खबर ठेवतात त्या सेवेला) वेगळी नेटवर्क जोडणी द्या आणि पर्यायी म्हणून दुसरीही नोंदवा. त्याला बँडविड्थ फारशी लागत नाही, पण विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत लागतो. ते स्टोरेज किंवा बॅकअपच्या जोडणीवर ठेवलं की रात्री बॅकअप सुरू होतो, कोरोसिंकचे संदेश अडतात, होस्ट एकमेकांना हरवतात आणि हाय अव्हेलेबिलिटी (होस्ट पडला तर त्याच्या व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू होणं) चालू असेल तर कोरम, म्हणजे होस्टच्या मतांचं बहुमत, गमावलेले होस्ट साधारण मिनिटभरात स्वतःला रिबूट करतात. 'प्रॉक्समॉक्स रात्री आपोआप पडतो' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

३. दोनच होस्ट असतील तर तिसऱ्या मतासाठी क्यूडिव्हाइस बसवा. छोटं डेबियन यंत्र पुरतं, पण ते त्याच क्लस्टरमधली व्हीएम असता कामा नये.

४. ब्रिजवर (होस्टमधल्या आभासी स्विचवर) व्हीलॅनची सोय चालू करा आणि स्विचचा पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा) आहे याची खात्री करा.

५. जंबो फ्रेम (नेटवर्कवरची मोठी पाकिटं) वापरत असाल तर होस्ट, स्विच आणि स्टोरेज तिन्ही ठिकाणी पाकिटाचा आकार ९००० बाइट हवा. एका होस्टवरून दुसऱ्यावर आणि स्टोरेजवर, तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग पाठवा. तो गेला नाही तर छोटी कामं होतात आणि मोठी कॉपी मध्येच अडकते. हा दोष शोधायला फार वेळ जातो.

हाय अव्हेलेबिलिटी अजून चालू करू नका. तिची वेळ शेवटी येते.

## टप्पा ५: बॅकअप आधी उभा करा

बॅकअपचं नंतर बघू असं म्हणून हा टप्पा वगळला जातो. मग नव्या जागी गेलेल्या व्हीएम आठवडाभर बॅकअपशिवाय चालतात.

प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर स्वतंत्र यंत्रावर, स्वतंत्र डिस्कवर बसवा. त्याच क्लस्टरच्या स्टोरेजवरची व्हीएम म्हणून नव्हे. वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असाल तर १२.२ किंवा पुढची आवृत्ती हवी. ऑगस्ट २०२४ मधल्या त्या आवृत्तीपासून प्रॉक्समॉक्सचा आधार आहे आणि व्हीएमवेअरचे जुने बॅकअप प्रॉक्समॉक्सवर उतरवताही येतात. नव्या जागी गेलेली व्हीएम बॅकअपच्या दृष्टीने नवीनच असते, त्यामुळे पहिला बॅकअप पूर्ण होतो. तेवढी जागा बॅकअपच्या डिस्कवर आधी मोजून ठेवा.

तपासणी: चाचणीच्या एका व्हीएमचा बॅकअप घ्या, व्हीएम पुसा, परत आणा, लॉगिन करून पाहा. 'बॅकअप यशस्वी' ही हिरवी खूण पुरेशी नाही.

## टप्पा ६: व्हीएम आतून तयार करणं

### विंडोज

क्रम असा ठेवा: आयपी, सबनेट, गेटवे, डीएनएस लिहून घ्या. विर्टआयओ ड्रायव्हर (प्रॉक्समॉक्सची आभासी डिस्क आणि नेटवर्क कार्ड ओळखणारा) बसवा. व्हीएमवेअरवर असतानाच पूर्ण बॅकअप घ्या. अॅप्लिकेशन थांबवा. व्हीएमवेअर टूल्स (व्हीएममध्ये बसवलेली व्हीएमवेअरची सहायक साधनं) काढा. व्हीएम बंद करा.

टूल्स काढल्यावर व्हीएमएक्सनेट३ या व्हीएमवेअरच्या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर जातो आणि नेटवर्क तुटतं. म्हणून हे काम रिमोट डेस्कटॉपवरून करू नका, कन्सोलवरून करा. ते नंतरही ढकलू नका, कारण नव्या जागी टूल्सचा अनइन्स्टॉलर अनेकदा चालायलाच नकार देतो.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ते स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर घ्या. व्हर्च्युअल टीपीएममधली माहिती नव्या जागी जात नाही.

डोमेन कंट्रोलर (संस्थेची लॉगिन खाती सांभाळणारा सर्व्हर) असेल तर तो उचलून नेऊच नका. प्रॉक्समॉक्सवर नवी विंडोज व्हीएम उभी करून तिला डोमेन कंट्रोलर बनवा, रेप्लिकेशन पाहा, भूमिका हलवा आणि जुना रीतसर उतरवा. वेळ थोडा जास्त लागतो, पण डोमेनची अखंडता टिकते.

### लिनक्स

डेबियन आणि उबुंटू सहसा विनातक्रार सुरू होतात. रेड हॅट घराण्यात, म्हणजे आरएचईएल, रॉकी, अल्मा, ओरॅकल लिनक्स यांत, इनिट्रॅमएफएस (बूट होताना लागणारे ड्रायव्हर असलेली फाइल) त्या वेळच्या हार्डवेअरपुरती बनलेली असते. तिच्यात विर्टआयओ नसतो. मग नव्या जागी डिस्कच सापडत नाही आणि ड्रॅकटची (ही फाइल बनवणाऱ्या साधनाची) आपत्कालीन ओळ दिसते. उपाय: हलवण्याआधी ड्रॅकटने विर्टआयओ ड्रायव्हरसह इनिट्रॅमएफएस नव्याने बनवा. राहून गेलं असेल तर बूट मेनूत रेस्क्यू कर्नल निवडा. त्यात सगळे ड्रायव्हर असतात, तो सुरू होतो आणि आत जाऊन इनिट्रॅमएफएस बनवता येते.

एफएसटॅबमध्ये (बूट होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) डिस्कची थेट नावं असतील तर ती बदलून यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहा. नेटवर्क कार्डाचं नावही बदलेल. व्हीएमवेअरवरचं ईएनएस१९२ तिकडे बहुधा ईएनएस१८ होतं. कन्सोलचा पासवर्ड माहीत आहे ना, हे आजच पाहा.

## टप्पा ७: प्रत्यक्ष हलवणं

आधी वेळ मोजा. १ जीबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ११० एमबी जातात, म्हणजे १ टीबीला अडीच तास. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत तीन टीबीच्या वर काही होणार नाही. तेवढ्यात न बसणारा मोठा डेटाबेस कॉपी करायच्या भानगडीत पडू नका. प्रॉक्समॉक्सवर नवा डेटाबेस सर्व्हर उभा करा आणि एसक्यूएल सर्व्हरचं लॉग शिपिंग किंवा पोस्टग्रेसचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन लावा, म्हणजे जुन्यातले बदल नव्यात जात राहतील. शेवटच्या रात्री फक्त बाजू बदलायची राहते.

बाकीच्या व्हीएमसाठी:

१. प्रॉक्समॉक्सच्या स्टोरेज विभागात ईएसएक्सआय होस्ट थेट जोडा. व्ही-सेंटरमार्फत जोडलं तर वेग फार घसरतो.

२. व्हीसॅनवरच्या डिस्क विझार्डला आणता येत नाहीत. त्या आधी दुसऱ्या डेटास्टोअरवर न्या.

३. व्हीएम पूर्ण बंद करा. जुन्या व्हीएमच्या नेटवर्क कार्डावरची 'सुरू होताना जोडा' ही खूण काढा. कोणी चुकून तिला चालू केलं तरी एकाच आयपीच्या दोन व्हीएम नेटवर्कवर येणार नाहीत.

४. विझार्डमध्ये फर्मवेअर मूळ व्हीएमसारखंच ठेवा. बायोसची व्हीएम यूईएफआयवर टाकली तर ती सुरू होणार नाही. परवाना मॅक पत्त्याला बांधलेला असेल तर तो पत्ता तोच ठेवा.

५. विंडोजची मुख्य डिस्क पहिल्या वेळी साटावर (वेगळा ड्रायव्हर न लागणाऱ्या जोडणीवर) ठेवा. सोबत १ जीबीची रिकामी डिस्क विर्टआयओ स्कझीवर जोडा. एकदा सुरू करा म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर बूटसाठी वापरायला शिकतं. मग बंद करा, रिकामी डिस्क काढा, मुख्य डिस्क विर्टआयओ स्कझीवर न्या आणि बूटचा क्रम पुन्हा निवडा. ही पायरी गाळली की निळा पडदा येतो.

६. एका वेळी चारपेक्षा जास्त डिस्क आणू नका. ईएसएक्सआय स्वतःच विनंत्या अडवायला लागतो आणि इम्पोर्ट मध्येच तुटतो.

इशारा: विझार्डमध्ये 'लाइव्ह इम्पोर्ट' आहे. त्यात कॉपी चालू असतानाच नवी व्हीएम वापरात येते. आकर्षक आहे, पण कॉपी मध्येच तुटली तर सुरू झाल्यापासून लिहिलेला सगळा डेटा जातो. वेब सर्व्हरसारख्या स्वतः काही न साठवणाऱ्या व्हीएमलाच वापरा.

क्रम: पहिल्या आठवड्यात दोन बिनमहत्त्वाच्या व्हीएम, एक लिनक्स, एक विंडोज. मग अंतर्गत वापराच्या. मग फाइल आणि अॅप्लिकेशन सर्व्हर. डेटाबेस सर्वांत शेवटी. एकमेकींशी सतत बोलणाऱ्या व्हीएम एकाच रात्री हलवा.

परत फिरण्याची वेळ आधीच लिहून ठेवा: 'पहाटे चारपर्यंत मालकाची चाचणी झाली नाही तर जुनी व्हीएम सुरू'. सकाळी कामकाज सुरू होऊन नव्या व्हीएममध्ये नोंदी पडल्या की मागे फिरणं म्हणजे त्या नोंदी गमावणं. टूल्स काढलेली जुनी व्हीएम सुरू करायची तर त्यात टूल्स पुन्हा टाकावी लागतात, त्यासाठीची आयएसओ हाताशी ठेवा.

## टप्पा ८: सुरू झाल्यावर

व्हीएम सुरू होऊन लॉगिनचा पडदा दिसला म्हणजे काम झालं नाही. हे बघा:

१. विंडोजमध्ये स्थिर आयपी टाकताना 'हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे' असं आलं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा आणि जुनं व्हीएमएक्सनेट३ कार्ड काढा.

२. क्यूईएमयू गेस्ट एजंट (होस्टशी बोलणारा व्हीएममधला छोटा प्रोग्राम) बसवा आणि व्हीएमच्या पर्यायांत चालू करा. त्याशिवाय बॅकअपच्या वेळी फाइल सिस्टिम गोठवली जात नाही.

३. स्टोरेज थिन असेल तर डिस्कवर डिस्कार्डची खूण करा आणि आतून एकदा ट्रिम (न वापरलेली जागा स्टोरेजला कळवणारी आज्ञा) चालवा. आणताना फुगलेली जागा परत मिळते.

४. प्रोसेसरचा प्रकार पाहा. सगळे होस्ट एकाच पिढीचे असतील तर 'होस्ट' चालेल. वेगवेगळ्या पिढ्या असतील तर सर्वांना जमणारा सामायिक प्रकार निवडा, नाहीतर लाइव्ह मायग्रेशनमध्ये व्हीएम कोसळते.

५. मालकाकडून प्रत्यक्ष एक व्यवहार करून घ्या: एक पावती छापणं, एक अहवाल काढणं, एक रुग्ण नोंदवणं.

६. त्याच रात्री पहिला बॅकअप झाला का, हे दुसऱ्या दिवशी सकाळी पाहा.

सगळ्या व्हीएम आल्यावर आणि दोन आठवडे शांततेत गेल्यावर हाय अव्हेलेबिलिटी चालू करा. मग कार्यालय बंद असताना, मालकांना कळवून, एका होस्टची वीज खरोखर बंद करा. त्यावरच्या व्हीएम दुसरीकडे उठल्या पाहिजेत. किती मिनिटं लागली ती नोंदवा आणि व्यवस्थापनाला तोच आकडा सांगा.

## टप्पा ९: जुनं उतरवणं

जुने होस्ट किमान एक महिना बंद अवस्थेत, पण शाबूत ठेवा. महिनाअखेरची कामं एकदा तरी नव्या जागी पार पडली पाहिजेत, कारण महिन्यातून एकदाच चालणारा एखादा अहवाल नेमका विसरलेल्या जुन्या व्हीएमवरून डेटा उचलत असतो. व्ही-सेंटर सगळ्यात शेवटी बंद करा.

ब्रॉडकॉमच्या पोर्टलवरचा प्रवेश संपण्याआधी तुमच्या परवान्यात बसणाऱ्या आयएसओ, पॅच आणि परवान्याची कागदपत्रं उतरवून घ्या. जुन्या बॅकअपमधून कधी काही काढायची वेळ आली तर ती लागतात.

व्ही-सेंटर आणि ईएसएक्सआयचे लॉग पुसू नका. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आहेत. उतरवलेल्या सर्व्हरचे लॉगही त्यात धरा आणि वेगळ्या जागी काढून ठेवा. याच निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) एनटीपी, म्हणजे अचूक वेळ देणाऱ्या, सर्व्हरशी जुळवायला सांगितलं आहे. ते नव्या प्रॉक्समॉक्स होस्टवर लागू केलंय का ते पाहा, कारण पूर्वी ते ईएसएक्सआयवर केलेलं असतं आणि नव्या होस्टवर राहून जातं.

मग सॅनवरचे जुने लन काढा. पुसण्याआधी लनचा ओळखक्रमांक दोन माणसांनी मोठ्याने वाचून जुळवावा. होस्ट भंगारात किंवा परत द्यायचे असतील तर त्यांच्या डिस्क आधी पुसा, पुसल्याची नोंद मालमत्ता रजिस्टरमध्ये करा आणि पासवर्डच्या यादीतून जुन्या होस्टची खाती काढून टाका.